कपाटातली बर्था

टिल्डा न्यूगार्ड कशालाच घाबरत नाही, असं तिचं स्वतःचं म्हणणं होतं. तिच्या आईचं म्हणणं वेगळं होतं, पण आईला कुणी विचारलं नव्हतं!

कॉलेजला जायचे दिवस जवळ आले, तेव्हा एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर बटाट्यात काटा खुपसून टिल्डानं जाहीर केलं, "मी एकच कॉम्प्युटर नेणार. लॅपटॉप. बाकीचे सगळे इथंच राहतील. संपला विषय!"

आईच्या हातातला डाव हवेतच थांबला. "नक्की?"

"नक्की म्हणजे काय! एका मुलीला एक डोकं, एक कॉम्प्युटर. बस्स!"

आईचा विश्वास बसेना, आणि त्यात तिची चूक नव्हती. विस्कॉन्सिनमधल्या त्यांच्या टीचभर गावात कुणाचं दुकान बंद झालं, शाळेनं भंगार काढलं, की टिल्डा वडिलांचा ट्रक घेऊन तिथं हजर! तिच्या खोलीत पलंगाखाली कॉम्प्युटर, खिडकीत कॉम्प्युटर, एक तर चक्क उशाशी. जानेवारीत बाहेर कंबरेएवढं बर्फ साचलं, तरी त्या खोलीत हीटर लावावा लागत नसे. घरचं मांजर थंडीच्या सुरुवातीला एकदा आत शिरलं की एप्रिलातच अंग झाडत बाहेर येई.

"एकच नेतेस, ठीक आहे," वडील म्हणाले. "पण तो बंद पडला तर?"

रोली न्यूगार्ड यांचं गाड्या दुरुस्तीचं गॅरेज होतं. स्टेपनीशिवाय ते शेजारच्या गावालासुद्धा जात नसत. किंबहुना त्यांच्या ट्रकमध्ये स्टेपनीलाही एक स्टेपनी होती! त्यांनी आपलं सहज विचारलं आणि पुढचा घास घेतला. टिल्डाचा घास मात्र काट्यावरच राहिला.

बंद पडला तर?

जेवण झाल्यावर ती बराच वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिली. तिला स्पष्ट दिसत होतं. उद्या परीक्षा आहे, आणि लॅपटॉपचा पडदा काळा ठिक्कर. प्राध्यापक चष्मा काढून पुसताहेत. "मिस न्यूगार्ड," ते थंडपणे म्हणताहेत, "सामान बांधा." आणि मग गाव! न्यूगार्डांच्या घरातून कॉलेजात जाणारी ही पहिलीच मुलगी. चर्चमध्ये तिच्या नावाची घोषणा झाली होती. पेट्रोल पंपावरच्या म्हाताऱ्यानं दोन्ही हात हलवले होते. त्या म्हाताऱ्याला परत तोंड कसं दाखवायचं?

"दोन नेते," सकाळी ती म्हणाली. "लॅपटॉप, आणि मी स्वतः जोडलेला मोठा."

"आता कशी शहाण्यासारखी बोललीस!" बाबा खूश झाले.

पण दुपारी ती पुन्हा हजर. "दोन्ही एकदम गेले तर? सगळ्याची एक नक्कल कुठंतरी ठेवायला हवी. तिसरा लागणार."

"तिसरा कुठला?" आईनं भीत भीत विचारलं. तिला उत्तर ठाऊक होतं.

"बर्था."

बर्था हा कॉम्प्युटर कसला, अजस्र धूड होतं! एका दंतवैद्यानं दवाखाना गुंडाळला तेव्हा टिल्डानं ते उचलून आणलं होतं. लांबीरुंदीला ट्रंकेएवढं, वजनाला इंजिनाएवढं, आणि चालू केलं की विमान उडायच्या तयारीत असल्यासारखं घोंघावायचं. पलीकडच्या गोठ्यात बर्था नावाची एक गाय होती. ती पहाटे हंबरायला लागली की अख्खा रस्ता जागा व्हायचा. तिच्यावरूनच टिल्डानं नाव ठेवलं होतं, आणि काळ्या शाईनं पुढच्या बाजूला ठळक लिहूनही टाकलं होतं.

"अगं, तिथं दोन मुलींना मिळून एक खोली! त्या दुसरीनं बसायचं कुठं?"

"तिला पलंग आहे ना!"

"आणि तिनं विचारलं, हे काय आहे म्हणून?"

"बर्था कपाटात राहील, आई. तिला पत्तासुद्धा लागणार नाही."

एवढ्यावर भागलं असतं. पण निघायच्या आदल्या दिवशी टिल्डा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं गॅरेजात येऊन उभी राहिली. "बाबा, वीज गेली तर?"

या प्रश्नाची वाट बघतच रोली जगत होते जणू! त्यांनी कोपऱ्यातलं ताडपत्रीचं टोक वर केलं. खाली एक दणदणीत यूपीएस होता. "वादळात सगळं गाव अंधारात बसलं होतं, आणि इथं रेडिओ चालू होता! घेऊन जा. फक्त वीज गेली की हा ठणाणा करतो. गप्प करायचं बटण तुटलंय. त्या भोकात बारका स्क्रूड्रायव्हर घातला की झालं."

"बटण नीट नाही का करता येणार?"

"कशाला? स्क्रूड्रायव्हर आहे की!"

कॉलेजच्या फ्रॉस्ट हॉल या वसतिगृहाच्या दारात जेनिका उभी होती. तिसऱ्या वर्षाची मुलगी, मजल्याची प्रमुख. गळ्यात शिट्टी, हातात कर्णा, चेहऱ्यावर सैन्यात भरती करून घेत असल्याचा भाव.

"स्वागत! एक गोष्ट आधीच सांगते. इमारत जुनी आहे, आणि वायरिंग इमारतीहून जुनं. गेल्या वर्षी एकीनं खोलीत सँडविच भाजायचं यंत्र लावलं. अख्ख्या मजल्याची वीज गेली!"

"मग?" टिल्डानं विचारलं.

"मग काय? गेली ती घरी."

नेमके तेव्हाच बाबा मागून आले. बर्था रजईत गुंडाळलेली, बाबांच्या छातीशी कवटाळलेली, आणि बाबांचा चेहरा बीटासारखा लाल.

"हे काय आहे?" जेनिकानं विचारलं.

"पांघरुणं!" आई म्हणाली.

टिल्डा आईकडे बघतच राहिली. चर्चच्या जेवणावळीत केक विकतचा आणला तर तोसुद्धा कबूल करणारी बाई!

"ऑगस्टमध्ये?"

"तिला थंडी फार बाधते."

"पण ते इतके वाकलेत..."

"लोकर आहे!" आई ठणकावून म्हणाली, आणि वाकलेल्या लोकरवाल्याला ढकलत जिन्याकडे घेऊन गेली.

खोली बघून टिल्डाला रडूच आलं. घरी वासरं बांधायची जागा याहून ऐसपैस होती. खिडकीजवळ एक बुटकी, शांत मुलगी कुंडीतल्या रोपाची पानं पुसत बसली होती. मॅरिसोल ओकांपो. टेक्सासहून एकटीच बसनं आली होती. सामान म्हणजे एक बॅग, एक दिवा, आईबाबांचा फोटो आणि ते रोप.

"एवढंच?" टिल्डानं विचारलं.

"एवढंच," मॅरिसोल ओशाळून म्हणाली. "तुझं?"

"माझंही जवळपास एवढंच."

मॅरिसोल चावी घ्यायला खाली गेली, तेवढ्यात बाबांनी बर्थाला कपाटात कोंबलं, यूपीएस तिच्या शेजारी बसवला आणि मोठा कॉम्प्युटर पलंगाखाली सरकवला. मग आईबाबा हिरवळीवर गेले. तिथं प्राचार्यांचं स्वागताचं भाषण आणि लिंबू सरबत होतं.

टिल्डानं बर्थाचं बटण दाबलं. कपाटातून विमान निघालं. तिनं घाईघाईनं दार लोटलं, आणि मॅरिसोल आत आली.

"कपाटात काहीतरी घुमतंय का गं?"

"पाइप! जुनी इमारत आहे ना."

मॅरिसोलनं कपाटाला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "गरम आहे!"

"गरम पाण्याचा पाइप!"

मॅरिसोलनं टिल्डाकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं, आणि रोपाला पाणी आणते म्हणून बाहेर पडली. कुंडी मात्र खिडकीतच राहिली! टिल्डाच्या हे लक्षात आलं असतं तर पुढचं बरंच टळलं असतं. पण ती कपाटाच्या फटीला तोंड लावून काकुळतीला आली होती. "बर्था, हळू गं! तू इथं आहेस हे कुणाला कळलं तर मी मेले! जरा वेळ गप्प पडून राहा. हवं तर संध्याकाळी दार उघडेन."

मग तिनं पलंगाखाली हात घालून मोठ्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं.

खट्!

खोलीतला दिवा गेला. बाहेरचा गेला. वरच्या मजल्यावरचं गाणं मध्येच तुटलं. सगळ्या इमारतीतून "आँऽऽ" असा सूर निघाला. आणि कपाटात यूपीएस जागा झाला.

टीं! टीं! टीं!

"कुणी केलं हे?" व्हरांड्यात जेनिकाची शिट्टी वाजली. "कुणीही जागचं हलायचं नाही! एकेक खोली तपासणार आहे मी!"

टिल्डाच्या डोळ्यांपुढे गावातला पेट्रोल पंप उभा राहिला. तिनं वायरी उपटल्या. बर्था आचके देत गप्प झाली, पण यूपीएस ऐकेना. बटणाच्या भोकात तिनं पेन घातलं, केसातली पिन घातली, करंगळीसुद्धा घालून बघितली! टीं! स्क्रूड्रायव्हर बाबांच्या खिशात होता, आणि बाबा सरबत पीत होते.

तिनं यूपीएस रजईत गुंडाळला, छातीशी धरला आणि मागच्या जिन्यानं तळघराकडे धावली. वाटेत भेटणाऱ्या मुली बाजूला होत होत्या. एकीनं "बाळ आहे का?" असंही विचारलं. तळघरात कपडे धुवायची आणि वाळवायची यंत्रं होती. सगळी बंद, अंधार, कुणी नाही. तिनं एका ड्रायरचं दार उघडून यूपीएस आत ठेवला आणि दार घट्ट लावलं. आवाज दबला. कान देऊन ऐकलं तरच कळेल, इतका. तिनं सुटकेचा श्वास टाकला आणि वर पळाली.

दुर्दैवानं, फ्रॉस्ट हॉलमध्ये त्या दिवशी कान देऊन ऐकणारे एक गृहस्थ आले होते! मुलीचे नवे टॉवेल पहिल्याच दिवशी धुऊन वाळवून द्यायचे, अशी त्यांची हौस. वीज गेली म्हणून ते ओले टॉवेल काढायला तळघरात गेले, आणि शेजारच्या ड्रायरमधून त्यांना ऐकू आलं. टीं. टीं. त्यांनी काचेतून आत वाकून बघितलं. अंधारात एक लाल दिवा लुकलुकत होता.

टॉवेल टाकून ते जे धावत सुटले, ते थेट प्राचार्यांच्या व्यासपीठावरच चढले. "ड्रायरमध्ये बॉम्ब आहे!"

प्राचार्य तेव्हा म्हणत होते, "...ही वास्तू तुमच्या मुलांचं सुरक्षित घर आहे."

पुढची काही मिनिटं टिल्डाला नीटशी आठवत नाहीत. धोक्याची घंटा कर्कश वाजत होती, जिन्यावर ढकलाढकली चालली होती, कुणीतरी एकाच चपलेवर होतं, आणि तिचे पाय आपोआप चालत होते. हिरवळीवर आईनं तिला मिठी मारली.

"देवा रे, सुखरूप आहेस! आत काहीतरी टीं टीं करतंय म्हणे!"

"लाल दिवा आहे म्हणे," बाबा गंभीरपणे म्हणाले. "कुणा माथेफिरूचं काम असणार."

टिल्डा आईच्या पाठीमागे सरकली. अग्निशमन दलाची गाडी आली. कॉलेजच्या पोलिसांतले ऑफिसर ग्रीली आले. पोट मोठं, मिशा त्याहून मोठ्या. ते लोकांना मागे हटवत होते, इतक्यात मॅरिसोल रडत त्यांच्यापाशी गेली. टिल्डा फक्त हातभर अंतरावर होती.

"साहेब, माझ्या खोलीतल्या मुलीनं कपाटात एका बाईला कोंडलंय!"

"काय?"

"बर्था नाव आहे तिचं. मी दाराबाहेरून ऐकलं सगळं! गप्प पडून राहा म्हणाली, संध्याकाळी दार उघडेन म्हणाली. कपाट आतून तापलं होतं, साहेब! ती बाई तापानं फणफणली असेल! आणि मग ही मुलगी रजईत काहीतरी गुंडाळून तळघरात पळाली. मला वाटतं..." मॅरिसोलनं हुंदका दिला. "मला वाटतं, बाईला बाळ होतं!"

ग्रीलींच्या मिशा ताठ झाल्या. त्यांनी जेनिकाच्या हातातला कर्णा हिसकावून घेतला. "ऐका हो! कपाटात बाई अडकली आहे! पहिल्या मजल्यावर! नाव बर्था! आधी बर्थाला बाहेर काढा!"

हिरवळीवर हलकल्लोळ माजला. एक आजी गुडघ्यांवर बसून प्रार्थना करायला लागल्या. दोन जवान कुऱ्हाडी घेऊन आत घुसले. आईनं टिल्डाकडे बघितलं. बाबांनी टिल्डाकडे बघितलं. आणि बाबांच्या हातातला सरबताचा पेला हळूच खाली घसरला.

"टिल्डा," ते म्हणाले, "माझा यूपीएस कुठाय?"

तिला पळून जावंसं वाटलं. रस्ता समोरच होता. पण ते दोन जवान आत होते, जिवावर उदार होऊन, आणि तेसुद्धा तिच्या एका धुडासाठी. त्यांच्यातला एक तर तिच्याच वयाचा दिसत होता. टिल्डा पुढे झाली आणि ग्रीलींच्या समोर उभी राहिली.

"साहेब, ती बाई नाही. कॉम्प्युटर आहे. आणि ड्रायरमध्ये बॉम्ब नाही, बॅटरी आहे. आमच्या गॅरेजातली."

"पोरी, ही चेष्टेची वेळ आहे का?"

"मागच्या बाजूला 'न्यूगार्ड गॅरेज' लिहिलंय!" बाबा मागून ओरडले. त्यांच्या आवाजात किंचित अभिमानही होता. "उत्तम बॅटरी आहे साहेब! अजून वाजतेय का?"

तेवढ्यात इमारतीचं दार उघडलं. दोन्ही जवान धापा टाकत, काहीतरी दोन्ही बाजूंनी पेलत बाहेर आले. त्यांनी ते हिरवळीवर धपकन ठेवलं. सगळी गर्दी वाकली. काळ्या शाईनं लिहिलेलं नाव उन्हात चमकलं.

"कपाटात बाई नव्हती," जवान घाम पुसत म्हणाला. "पण बर्था म्हटल्यावर हिलाच आणलं. वजन काय हिचं!"

मॅरिसोलनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ग्रीली स्वतः तळघरात गेले. येताना त्यांनी हात शक्य तितका लांब ताणून यूपीएस धरला होता, आणि मान दुसरीकडे फिरवली होती. टीं! टीं! बाबा पुढे झाले, खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढून भोकात खुपसला. शांतता! दोघातिघांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. बाबांनी टोपी काढून त्या स्वीकारल्या!

"आणि वीजसुद्धा मीच घालवली," टिल्डा म्हणाली. आता तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "दोन कॉम्प्युटर लावले एकदम. मला घरी पाठवा. मी तयार आहे."

ग्रीलींनी तिच्याकडे दमलेल्या नजरेनं बघितलं. "वीज? वीज सगळ्या रस्त्याची गेलीय. तिकडच्या खांबावर खार चढली होती. बिचारी गेली."

"खार?"

"खार. दरवर्षी एखादी चढते."

म्हणजे टिल्डानं शेकडो माणसांसमोर एका खारीचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला होता!

"पण ती सँडविचवाली," टिल्डा जेनिकाकडे वळली, "तिला तर घरी पाठवलं ना?"

"पाठवलं कुठं? ते यंत्र घरी ठेवायला गेली. संध्याकाळी परत आली," जेनिका म्हणाली. "माझीच मैत्रीण आहे ती."

शिक्षा अशी ठरली की जवानांची माफी मागायची, टॉवेलवाल्या गृहस्थांची माफी मागायची, आणि कॉम्प्युटर एकच ठेवायचा. टिल्डानं सगळ्यांची माफी मागितली. जवानानं तर हात मिळवून, बर्थात मेमरी किती आहे तेही विचारून घेतलं. बर्था, मोठा कॉम्प्युटर आणि यूपीएस पुन्हा ट्रकमध्ये चढले. निघताना आईनं टिल्डाला घट्ट जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "बरं झालं स्वतः पुढे गेलीस. मी असते तर अजून 'लोकर, लोकर'च करत बसले असते."

संध्याकाळी वीज आली. टिल्डा खोलीत परतली तेव्हा मॅरिसोल पलंगाच्या टोकाशी अंग चोरून बसली होती.

"मी पोलिसांना सांगायला नको होतं," मॅरिसोल म्हणाली. "आधी तुला विचारायला हवं होतं. पण मी फार घाबरले होते. इथं कुणीच ओळखीचं नाही, आणि पहिली ओळख झाली तर ती..."

"बाईला कोंडणारी!"

"हो ना!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या, आणि मग जे हसत सुटल्या, ते जेनिकानं येऊन दार वाजवेपर्यंत.

"मला वाटलं होतं, मी कशालाच घाबरत नाही," टिल्डा डोळे पुसत म्हणाली आणि तिनं लॅपटॉप उघडला. पडदा काळा. बॅटरी संपलेली. तिनं चार्जर शोधला. पिशवीत नाही, टेबलाखाली नाही, पलंगाखाली नाही. घाईघाईत सगळ्या वायरींच्या भेंडोळ्याबरोबर तो ट्रकमध्ये गेला होता.

"तुझा देतेस जरा?"

"माझ्याकडे कॉम्प्युटरच नाही," मॅरिसोल म्हणाली. "मी लायब्ररीतला वापरणार आहे. चल, उघडी आहे अजून."

लायब्ररीचा खालचा मजला लख्ख उजळलेला होता. रांगेत नवे कोरे कॉम्प्युटर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, आणि पहिलाच दिवस म्हणून एकाही खुर्चीवर कुणी नव्हतं. टेबलामागच्या बाई हसून म्हणाल्या, "या मुलींनो! कुठलाही घ्या."

मॅरिसोल समोरच्या खुर्चीत जाऊन बसली. पत्र लिहायलाही लागली. पत्र संपलं, पत्त्यावरून नजर फिरवून झाली, तरी शेजारची खुर्ची रिकामीच! तिनं मागे वळून बघितलं. टिल्डा अजून दारातच उभी होती. तिची नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती.

"कुठलाही?" ती कुजबुजली. "म्हणजे नेमका कुठला?"